नेट चालू, पण साइट उघडेना: अँटीव्हायरस आणि फायरवॉल एकमेकांत अडकले तर

वायफाय फुल्ल आहे, मोबाइलवर सगळं चालतंय, पण कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये काहीही टाकलं की नुसतं गोल गोल फिरत बसतं आणि शेवटी 'धिस साइट कान्ट बी रीच्ड' येतं. किंवा अर्ध्या साइट उघडतात अर्ध्या नाही. किंवा कालपर्यंत सगळं नीट होतं आणि अँटीव्हायरस अपडेट झाल्यापासून बँकेच्या साइटवर 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' यायला लागलंय. गोव्यात पावसाळ्यात पहिला संशय नेटवाल्याकडे जातो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तो बरोबरही असतो, पण वरची लक्षणं एकाच मशीनवर दिसत असतील तर नेटवाल्याला फोन करून काही उपयोग नाही, तो येणार, केबल काढून परत लावणार, रीस्टार्ट करा म्हणणार आणि जाणार. अशा वेळी अँटीव्हायरसचं वेब स्कॅनिंग आणि फायरवॉल (कुठल्या प्रोग्रॅमला नेटवर जाऊ द्यायचं, कुठल्याला अडवायचं ते ठरवणारा पहारेकरी) यांचं आपसात जमत नाहीये का ते बघायचं. मी इथे विंडोज १० आणि ११ धरून लिहितोय, कारण ऑफिसात, दुकानात, घरी बहुतेकांकडे तेच असतं. कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

आधी फालतू कारणं बाजूला काढा

दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न करता लोक थेट अँटीव्हायरस काढून टाकतात.

त्याच वायफायवर दुसरा मोबाइल किंवा लॅपटॉप चालतोय का बघा. मोबाइलचा डेटा बंद करून बघायचं हां, नाहीतर फोर जी वर चालत असतं आणि आपण वायफाय ठीक आहे म्हणून खूश.

मग घड्याळ बघा. हे हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे लाईट जाते-येते, जुन्या डेस्कटॉपची मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी, ती सीआर २०३२, संपलेली असते, मग प्लग काढला किंवा लाईट गेली की मशीन चालू होताना तारीख कुठच्या कुठे मागे जाते. तारीख चुकली की एचटीटीपीएसच्या, म्हणजे कुलूपबंद कनेक्शनच्या, जवळजवळ सगळ्या साइटवर सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची, बोंब सुरू, कारण ब्राउझरच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. एररमध्ये 'डेट इनव्हॅलिड' असं काही दिसलं तर अँटीव्हायरसला हात लावू नका, तारीख बरोबर करा आणि बॅटरी बदला.

तिसरं म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची ती काळी खिडकी, उघडून 'पिंग ८.८.८.८' मारा. रिप्लाय येतोय म्हणजे लाइन आहे. मग 'एनएसलुकअप' आणि पुढे कुठल्याही साइटचं नाव. पत्ता परत आला म्हणजे डीएनएस, नावावरून पत्ता शोधणारी सोय, तीसुद्धा आहे. पिंग चालतं, डीएनएस चालतं आणि ब्राउझर मात्र मेलेला, असं असेल तर पुढचं वाचा, कारण मधे कोणीतरी बसलाय.

मधे कोण बसलाय

अँटीव्हायरसमधला जो भाग तुम्ही उघडता ती वेबसाइट तपासतो त्याला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय, कुठे वेब शील्ड, कुठे ब्राउझिंग प्रोटेक्शन, कुठे वेब ॲक्सेस प्रोटेक्शन. काम एकच, ब्राउझर आणि इंटरनेटच्या मधे उभं राहायचं, येणारं पान आधी आपण बघायचं आणि मगच ब्राउझरला द्यायचं. जुन्या पद्धतीत हा भाग कॉम्प्युटरच्या आतच एक छोटा प्रॉक्सी चालवायचा, म्हणजे ब्राउझर बाहेर जायच्या ऐवजी १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर बोलायचा आणि बाहेरचं बोलणं अँटीव्हायरस करायचा. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म म्हणून एक चौकट दिली, आता बहुतेक अँटीव्हायरस त्यातूनच आत शिरतात. गंमत अशी की विंडोजचा स्वतःचा फायरवॉलही त्याच चौकटीवर उभा आहे, आणि बरेच व्हीपीएनसुद्धा, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवून नेणारे प्रोग्रॅम. सगळे एकाच ठिकाणी गर्दी करून आहेत, मग धक्का लागणारच.

आता भांडण का होतं ते बघा. फायरवॉल प्रोग्रॅमप्रमाणे नियम लावतो, म्हणजे क्रोमला जाऊ दे, अमक्याला अडव. पण कॉलनीतला एकच माणूस रोज सकाळी सगळ्या घरांचे पाव आणायला जात असेल तर गेटवरच्या वॉचमनला दुसरं कोणी दिसणारच नाही, आणि त्या एकाला त्याने अडवलं की सगळी कॉलनी उपाशी. वेब स्कॅनिंग चालू असताना हेच होऊ शकतं, फायरवॉलला क्रोम, फायरफॉक्स, एज दिसतच नाहीत, दिसते ती फक्त अँटीव्हायरसची प्रोसेस, म्हणजे त्याचा मागे चालणारा प्रोग्रॅम. कॅस्परस्कीमध्ये तिचं नाव एव्हीपी डॉट ईएक्सई, ईसेटमध्ये ईकेआरएन डॉट ईएक्सई, अवास्टमध्ये अवास्टएसव्हीसी डॉट ईएक्सई. विंडोजचा सोडून दुसरा फायरवॉल टाकलेला असेल तर त्याचा पॉपअप येतो की 'ईकेआरएनला इंटरनेटवर जायचंय, जाऊ देऊ का', समोरचा माणूस घाबरतो, हे काय नवीन व्हायरस, आणि ब्लॉक दाबतो. झालं. त्या क्षणापासून एकही ब्राउझर चालत नाही आणि कोणाला कळतही नाही का.

याची उलटी बाजूही आहे, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. समजा तुम्ही फायरवॉलमध्ये मुद्दाम एखाद्या प्रोग्रॅमला नेट बंद केलंय, पण तो प्रोग्रॅम वेब स्कॅनिंगच्या प्रॉक्सीमधून गेला तर बाहेर जाणारा तुमच्या फायरवॉलच्या लेखी अँटीव्हायरस असतो, आणि त्याला तर परवानगी आहे. म्हणजे नियम कागदावर राहिला. ऑफिसमध्ये 'बिलिंगच्या मशीनवर नेट बंद आहे' असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा खरंच बंद आहे का ते करून बघावं.

किती जण ड्यूटीवर आहेत ते मोजा

स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा, उघडा, खाली सेटिंग्जमध्ये जा, तिथे 'मॅनेज प्रोव्हायडर्स' असं दिसेल. त्यात अँटीव्हायरस म्हणून कोण, फायरवॉल म्हणून कोण नोंदलाय ते लिहिलेलं असतं. साधारण चित्र असं, की बाहेरचा अँटीव्हायरस नोंदला की विंडोजचा डिफेंडर स्वतःहून मागे होतो, आणि त्या पॅकेजमध्ये फायरवॉलही असेल तर विंडोजचा फायरवॉल बाजूला होतो. एका कामाला एक माणूस. दोन अँटीव्हायरस आणि दोन फायरवॉल म्हणजे दुप्पट सुरक्षा असं काही नसतं, दोघे एकमेकांच्या फायली आणि कनेक्शन तपासत बसतात आणि मशीन रांगतं.

इथे हमखास सापडणारा घोटाळा म्हणजे नवीन लॅपटॉप. चतुर्थीच्या आधी ऑफरमध्ये लॅपटॉप घेतला, त्यात एका कंपनीचा अँटीव्हायरस ट्रायल म्हणून आधीच होता, दुकानदाराने बॉक्समधला दुसरा टाकून दिला, पहिला कोणी काढलाच नाही. ट्रायल संपते, व्हायरस डेटाबेस थांबतो, पण त्याचे नेटवर्कचे ड्रायव्हर तसेच बसून राहतात. वर्षभर कोणाला पत्ता नसतो आणि एक दिवस विंडोज अपडेट येतं आणि नेट जातं. 'मॅनेज प्रोव्हायडर्स'मध्ये विंडोजचा डिफेंडर सोडून दोन अँटीव्हायरसची नावं दिसली, किंवा ॲप्सच्या यादीत दोन दिसले, तर पुढचं काही करू नका, थेट शेवटाकडे काढून टाकण्याचं लिहिलंय तिथे जा.

एका वेळी एकच गोष्ट बंद करायची

लोक काय करतात, अँटीव्हायरस बंद, फायरवॉल बंद, सगळंच बंद, साइट उघडली, वा झालं. मग सगळं चालू केल्यावर परत तेच. आणि नेमकं कोण अडवत होतं ते कळलंच नाही. म्हणून क्रम पाळा. आणि टेस्टिंग चालू असताना बँक, मेल, जीएसटी असलं काही उघडू नका, एखादी साधी ओळखीची साइट घ्या, पेपरची वगैरे.

पहिल्यांदा फक्त वेब शील्ड, म्हणजे तो साइट तपासणारा भाग, बंद करा, पूर्ण अँटीव्हायरस नाही. बऱ्याच जणांत '१० मिनिटांसाठी' किंवा 'रीस्टार्ट होईपर्यंत' असा पर्याय असतो, तोच घ्या, म्हणजे विसरलात तरी परत चालू होईल. ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा, नाहीतर जुनंच कनेक्शन आणि जुनाच कॅश बघून फसाल. साइट उघडते का? नोंद करा, शील्ड परत चालू करा.

आता शील्ड चालू ठेवून फायरवॉल बंद करा. विंडोजचा असेल तर 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन'मध्ये जाऊन ज्या नेटवर्कसमोर 'ॲक्टिव्ह' लिहिलंय त्याचंच बटण बंद करायचं. सर्व्हिसेसमध्ये जाऊन फायरवॉलची सर्व्हिस थांबवायचा शहाणपणा करू नका, मायक्रोसॉफ्ट स्वतः तसं करू नका म्हणतं, त्याने भलतीच कामं बंद पडतात. अँटीव्हायरसच्या पॅकेजमधला फायरवॉल असेल तर तो त्याच्याच स्क्रीनवरून बंद करा, विंडोजमधलं बटण तिथे काही करत नाही.

मग हिशोब लावा. शील्ड बंद केल्यावर साइट उघडते आणि फायरवॉल बंद केल्यावरही उघडते, म्हणजे फायरवॉल अँटीव्हायरसच्या प्रोसेसला अडवतोय, हेच ते खरं भांडण. शील्ड बंद केल्यावरच उघडते आणि फायरवॉलने काही फरक पडत नाही, म्हणजे शील्डचाच लोचा आहे, बहुतेक एचटीटीपीएस स्कॅनिंगचा. फक्त फायरवॉल बंद केल्यावरच उघडते, म्हणजे फायरवॉलमध्ये ब्राउझरलाच अडवणारा नियम कुठेतरी आहे. दोन्हींनी काहीच होत नाही, तर कुठल्यातरी जुन्या सॉफ्टवेअरचे अवशेष, प्रॉक्सी किंवा व्हीपीएन. आणि फक्त एकाच ब्राउझरमध्ये प्रॉब्लेम असेल तर त्या ब्राउझरचं एक्स्टेन्शन किंवा सर्टिफिकेट.

एक खूण अजून सांगतो. कधी कधी यूट्यूब आणि गूगल मस्त चालतं आणि बाकी सगळं बंद, आणि माणूस म्हणतो नेट तर आहे. गूगलच्या साइट क्रोममध्ये क्विक नावाच्या पद्धतीने जातात, ती यूडीपी ४४३ वापरते, बाकीचं वेब अजून बरंचसं टीसीपी ४४३ वर असतं (यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवायच्या दोन पद्धती, ४४३ हा पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर). शील्ड टीसीपी पकडत असेल आणि यूडीपीला हात लावत नसेल तर असं अर्धवट चित्र दिसतं. म्हणजे बोट पुन्हा शील्डकडेच.

फायरवॉल अँटीव्हायरसला अडवतोय

विंडोज आणि आर दाबा, 'डब्ल्यूएफ डॉट एमएससी' टाइप करा. ॲडव्हान्स्ड फायरवॉलची खिडकी उघडेल. काहीही बदलायच्या आधी 'ॲक्शन'मधून 'एक्स्पोर्ट पॉलिसी' करून फाइल डेस्कटॉपवर ठेवा, गडबड झाली तर इम्पोर्ट करून जसंच्या तसं परत.

आता डावीकडे 'आउटबाउंड रूल्स', म्हणजे बाहेर जाणाऱ्यांचे नियम. इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण यात लोकांचे तासन् तास जातात. 'अलाऊ ॲन ॲप थ्रू फायरवॉल' ही जी साधी यादी आहे ना, ती मुख्यतः बाहेरून आत येणाऱ्या कनेक्शनसाठी आहे. विंडोज फायरवॉल मुळात बाहेर जाणाऱ्याला अडवतच नाही, कोणी मुद्दाम सांगितलं तरच अडवतो. २००४ साली एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर तो आपोआप चालू यायला लागला तेव्हा तर त्याला बाहेर जाणारं अडवताच यायचं नाही, ते व्हिस्टापासून आलं. त्यामुळे त्या यादीत क्रोमला टिक करून साइट उघडणार नाही, कितीही वेळा करा.

बघायचं ते आउटबाउंडमधलं लाल खुणेचं, म्हणजे ब्लॉकचं. ॲक्शनच्या कॉलमवर क्लिक करून सॉर्ट केलं की सगळे ब्लॉक एकत्र येतात. त्यात अँटीव्हायरसची प्रोसेस किंवा ब्राउझर किंवा पोर्ट ८० आणि ४४३ वर सरसकट ब्लॉक दिसला तर तो डिसेबल करा, डिलीट नको. आणि हे लक्षात ठेवा, ब्लॉक आणि अलाऊ दोन्ही नियम एकाच प्रोग्रॅमला असतील तर जिंकतो ब्लॉक. वरून दहा अलाऊ टाकले तरी एक ब्लॉक पुरतो.

तुमच्या ऑफिसात कोणीतरी कडक सेटिंग म्हणून आउटबाउंड डिफॉल्टच ब्लॉक केलेलं असेल, तर मात्र अलाऊ नियम हवेच. तिथे हमखास होणारी गोष्ट म्हणजे अँटीव्हायरस अपडेट होतो आणि त्याचं फोल्डर बदलतं, काही जण फोल्डरच्या नावातच व्हर्जन नंबर ठेवतात. विंडोज फायरवॉलचा नियम त्या पूर्ण पाथला चिकटलेला असतो, पाथ बदलला की नियम तिथेच दिसत राहतो पण लागू कोणालाच होत नाही. नियम उघडून 'प्रोग्रॅम्स अँड सर्व्हिसेस'मधला पाथ आणि टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोसेसवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' केल्यावर येणारा पाथ, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

खात्री करून घ्यायची असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'नेटस्टॅट' नंतर जागा सोडून 'मायनस एबीएनओ'. प्रत्येक कनेक्शनबरोबर प्रोग्रॅमचं नाव येईल. ब्राउझर १२७.०.०.१ कडे बोलतोय आणि बाहेर ४४३ वर अँटीव्हायरस बोलतोय असं दिसलं तर प्रॉक्सी पद्धत आहे. अँटीव्हायरसच्या रांगेत 'सिन सेंट'वर सिन सेंट दिसत असतील, म्हणजे हाक मारतोय आणि कोणी ओ देत नाहीये, तर तो अडवला जातोय असं समजायला हरकत नाही. ब्राउझर थेटच बाहेर बोलतोय असं दिसलं तर स्कॅनिंग ड्रायव्हरमधून होतंय किंवा बंद आहे, या यादीवरून तेवढं कळणार नाही.

अजून पुरावा हवा असेल तर फायरवॉलचा लॉग आहे. त्याच खिडकीत सगळ्यात वरच्या ओळीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तुमचं प्रोफाइल (प्रायव्हेट किंवा पब्लिक, जे चालू असेल ते), लॉगिंगमध्ये कस्टमाइज, आणि 'लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स' येस. फाइल विंडोजच्या सिस्टीम ३२ मध्ये लॉगफाइल्स, त्यात फायरवॉल फोल्डरमध्ये 'पीफायरवॉल डॉट लॉग' नावाने असते, मर्यादा मुळात ४०९६ केबी. साइट उघडायचा प्रयत्न करा, मग नोटपॅडमध्ये बघा, 'ड्रॉप' लिहिलेल्या ओळीत पोर्ट ४४३ आणि शेवटाकडे 'सेंड' असेल तर बाहेर जाणारं अडवलंय. आत येणाऱ्या 'रिसीव्ह'च्या ड्रॉपकडे बघून घाबरू नका, ते चालूच असतं. पॅकेजचा फायरवॉल असेल तर हा लॉग रिकामा राहील, त्याचा लॉग त्याच्या स्क्रीनवर शोधा.

सर्टिफिकेटचा घोळ

एचटीटीपीएसचं पान बंद पाकिटातून येतं, ते वाचायचं तर अँटीव्हायरसला ते फोडून परत बंद करावं लागतं, आणि त्यासाठी तो विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट टाकतो, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेट खरी धरली जातात ते. ब्राउझरच्या पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा, 'इश्यूड बाय'मध्ये अँटीव्हायरस कंपनीचं नाव दिसलं तर स्कॅनिंग चालू आहे. तुमच्या मशीनवर जो अँटीव्हायरस नाहीच त्याचं किंवा भलतंच काही नाव दिसलं तर थांबा, पासवर्ड टाकू नका, ते वेगळंच प्रकरण आहे.

क्रोम आणि एज चालतात आणि फक्त फायरफॉक्स बोंबलतोय, हे बहुतेक सर्टिफिकेटचंच, कारण फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, खाली सर्टिफिकेट्स, तिथे तुम्ही टाकलेल्या बाहेरच्या रूट सर्टिफिकेटवर आपोआप विश्वास ठेवायचा टिक आहे, तो लावा. तरी नाही झालं तर अँटीव्हायरसमध्ये एचटीटीपीएस स्कॅनिंग बंद करून, मशीन रीस्टार्ट करून परत चालू करा, बरेच अँटीव्हायरस तेव्हा सर्टिफिकेट नव्याने टाकतात.

एकाच साइटला त्रास होत असेल तर तेवढ्याच साइटचा अपवाद टाका, अख्खं शील्ड बंद करून ठेवू नका. माझं मत विचाराल तर एचटीटीपीएस स्कॅनिंगवरून इतकं भांडण होत असेल तर तेवढंच बंद ठेवलेलं चालतं, फायली तपासणं आणि साइटच्या पत्त्यावरून अडवणं चालू राहू द्या. पण घरात मुलं किंवा कुठल्याही लिंकवर क्लिक करणारे काका असतील तर चालू असलेलं बरं.

जीएसटी, डीएससी आणि २० तारीख

म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही अकाउंटंटच्या ऑफिसात महिन्याच्या २० तारखेच्या आसपास हे बघायला मिळेल. जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरून झालंय, कंपनीचं असल्यामुळे डिजिटल सिग्नेचरशिवाय (तीच डीएससी) गत्यंतर नाही, ती ज्यात असते ते पेनड्राइव्हसारखं टोकन यूएसबीत लावलंय, दिवा लागलाय, आणि पोर्टल म्हणतं ईएमसाइनर चालू नाही. टोकन काढ-घाल, दुसरा पोर्ट, ड्रायव्हर परत टाकला, तरी तेच. इथे टोकनचा काही दोष नसतो. ईएमसाइनर हा छोटा प्रोग्रॅम तुमच्याच मशीनवर १२७.०.०.१ या पत्त्यावर पोर्ट १५८५ ला बसलेला असतो आणि ब्राउझरमधलं पान त्याच्याशी एचटीटीपीएसने बोलतं. सर्टिफिकेट त्याचं स्वतःचंच, बाहेरच्या कोणी दिलेलं नाही. एचटीटीपीएस स्कॅनिंग करणारा अँटीव्हायरस मधे घुसला तर त्याला हे सर्टिफिकेट संशयास्पद वाटतं, आणि फायरवॉलने त्या प्रोग्रॅमला आधी कधी ब्लॉक केलेलं असेल तर मग विषयच संपला.

करायचं असं. ईएमसाइनर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करा. ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१ आणि कोलन १५८५ टाका. सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर ॲडव्हान्स्डमधून पुढे जा, हा पत्ता तुमच्याच मशीनचा आहे म्हणून इथे चालतं, बाहेरच्या कुठल्याही साइटवर असं करायचं नाही. वॉर्निंगसुद्धा आली नाही, नुसतंच 'रिफ्यूज्ड' आलं, तर एकतर ईएमसाइनर चालू नाही किंवा पोर्ट दुसऱ्याने घेतलाय, 'नेटस्टॅट'मध्ये १५८५ शोधा. शील्ड बंद केल्यावर पान आलं तर शील्डच्या अपवादांत १२७.०.०.१ आणि ईएमसाइनरचा प्रोग्रॅम दोन्ही टाका आणि शील्ड परत चालू करा. आणि कृपा करून हे १५ तारखेला करून बघा, २० ला रात्री नको, त्या रात्री कोणाचंच डोकं जागेवर नसतं.

राऊटर बदलला आणि टॅली बसली

हे वेब स्कॅनिंगचं नाही पण शिव्या अँटीव्हायरसलाच बसतात म्हणून इथे घेतो. मे अखेरीस नाहीतर ऑक्टोबरात जो गडगडाट होतो त्यात डिचोली-सत्तरीकडे राऊटर जळणं काही नवीन नाही. नवीन राऊटर लावला, नेट आलं, पण दुसऱ्या मशीनवरून टॅली लायसन्स घेत नाही, शेअर केलेला प्रिंटर दिसत नाही. विंडोजला हे नवीन नेटवर्क वाटतं आणि ते त्याला 'पब्लिक' धरतं, म्हणजे हॉटेलातलं वायफाय असल्यासारखं, आणि मग आत येणारं सगळं अडवतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तुमच्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीज, तिथे 'प्रायव्हेट' करा, सगळ्या मशीनवर. तरी अडलं तर ज्या मशीनवर टॅलीचं लायसन्स आहे तिथे इनबाउंडमध्ये पोर्ट ९९९९ ला फक्त प्रायव्हेटसाठी परवानगी द्या, ओडीबीसी (टॅलीचा डेटा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घ्यायची सोय) वापरत असाल तर ९००० ला. पॅकेजचा फायरवॉल असेल तर त्याच्यातही नेटवर्क 'ट्रस्टेड' किंवा 'होम' करावं लागतं, विंडोजमध्ये केलेलं तो दरवेळी ऐकतोच असं नाही.

काहीच जमत नसेल तर साफसफाई

सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली 'प्रॉक्सी' बघा. मॅन्युअल प्रॉक्सी चालू आणि पत्ता १२७.०.०.१ असेल आणि ते सॉफ्टवेअर तुम्ही कधीच काढून टाकलं असेल, तर बंद करा, बऱ्याचदा इथेच सुटतं. व्हीपीएन टाकलेला असेल तर त्याचा 'किल स्विच' बघा, व्हीपीएन बंद असताना सगळं नेट कापून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

जुना अँटीव्हायरस काढताना आधी लायसन्स की लिहून घ्या. ॲप्समधून अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, मग त्या कंपनीचं स्वतःचं साफ करायचं टूल तिच्याच साइटवरून, जवळजवळ सगळ्या मोठ्या कंपन्यांचं असतं. प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डर हाताने डिलीट करणं म्हणजे ड्रायव्हर तसेच लटकत ठेवणं, तसं करू नका. नेट बंद असताना टूल कुठून आणणार, तर मोबाइलवर उतरवून यूएसबीने कॉम्प्युटरवर. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींतले 'सपोर्ट' नंबर लावू नका, आणि 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, स्क्रीन शेअर करा' असा फोन आला तर ठेवून द्या.

मग ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच विनसॉक रिसेट' (विंडोजची नेटवर्कची मांडणी मूळपदावर आणतं), रीस्टार्ट. फायरवॉल मूळपदावर आणायचा तर 'नेटएसएच ॲडव्हफायरवॉल रिसेट', पण मग हाताने टाकलेले सगळे नियम जातात, टॅलीचेसुद्धा, म्हणून एक्स्पोर्ट आधी. सगळ्यात शेवटी 'नेटवर्क रिसेट', त्याने व्हीपीएनची सेटिंग जाऊ शकतात आणि नेटवर्क परत पब्लिक होऊ शकतं, तेवढं मागाहून बघायचं. विंडोज १० वाल्यांनी हेही ध्यानात घ्या की त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

मग एकच अँटीव्हायरस, नवीन व्हर्जन, कंपनीच्या साइटवरून. आधी नुसता अँटीव्हायरस टाकून एक-दोन दिवस वापरा, पॅकेजचा फायरवॉल हवाच असेल तर नंतर चालू करा. घरच्या वापराला विंडोजचाच फायरवॉल पुरतो असं माझं म्हणणं.

सगळं चालायला लागलं की शील्ड खरंच जागं आहे का ते तपासायला आयकार नावाची टेस्ट फाइल मिळते, आयकारच्याच साइटवर, फक्त ६८ अक्षरांची, व्हायरस नाही, पण सगळे अँटीव्हायरस ठरवून तिला पकडतात. एचटीटीपीएसवरून ती उतरवायचा प्रयत्न करा. ब्राउझरमध्येच अडली तर वेब स्कॅनिंग चालू आहे. डाउनलोड्समध्ये येऊन मग पकडली गेली, तर फायलींवरचा पहारा ठीक आहे पण वेबवरचा झोपलाय, मग अपवादांची यादी उघडून बघा, टेस्टिंगच्या घाईत कोणीतरी अख्खा ब्राउझरच अपवादात टाकलेला असतो.